कोशिंबाच्या दिवसांतला कोरिया

वाचकहो, तुमच्या गावचा एखादा माणूस समुद्र ओलांडून, दूरचा मुलूख पाहून परत आला, तर वेशीवर त्याला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचाराल? काय पाहिलेस, हा? की काय खाल्लेस, हा?

घाईने उत्तर देऊ नका. घाईने सगळेच चांगले उत्तर देतात. आमच्या जुन्नरच्या पेठेनेही, कोणी सहज विचारले असते, तर चांगलेच उत्तर दिले असते. पण प्रसंग आला तेव्हा पेठेने दुसराच प्रश्न विचारला, आणि त्या एका प्रश्नापायी एका मुलीचे लग्न मोडायला आले होते. त्या दिवसांची मला दर वर्षी आठवण येते. मी ठरवून आठवत नाही. झाडे आठवण करून देतात.

परवा घोडेगाव सोडून भीमाशंकराच्या वाटेला लागलो आणि एका वळणावर उभाच राहिलो. समोरचा सगळा उतार लाल झाला होता. होळीची राख अजून अंगणातून गेलेली नसते, रानात गवत करपून पिवळे पडलेले असते, आणि अशा वेळी कोशिंबाच्या झाडाला पालवी फुटते. ती हिरवी नसते. लाल असते. ओल्या कुंकवासारखी, उन्हात धरली तर शिरा दिसाव्यात इतकी कोवळी. पुस्तकांतून वसंताचे वर्णन वाचावे तर तो हिरवी वस्त्रे लेऊन येतो. पुस्तके लिहिणारे कोठे राहतात मला ठाऊक नाही. आमच्या डोंगरात वसंत येतो तो लाल पटका बांधून, लढाईला निघाल्यासारखा.

त्या वळणावर मला खंडूभाऊंचा आवाज ऐकू आला. म्हणजे खराखुरा नव्हे. ते त्या वेळी जुन्नरलाच होते. पण याच वळणावर, त्या वर्षी, खेचराचा कासरा हातात धरून ते मला म्हणाले होते, "धाकलं शेट, तिकडं कोरियात बी डोंगर आसाच पेटतो. पन उलटं. तिकडं पान मरताना लाल व्हतं. आपल्याकडं जलमताना."

एवढे बोलून ते पुढे चालू लागले. मी मात्र आजतागायत त्या वाक्याभोवती फिरतो आहे.

मी कोण, हे थोडक्यात सांगतो. माझे आजोबा मारवाडातून आले आणि जुन्नरच्या पेठेत त्यांनी किराण्याचे दुकान घातले. घरात आम्ही देवाचे नाव घेतो ते आमच्या जैन रीतीने, आणि भांडतो ते मराठीत. दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागे. पुण्याहून येणाऱ्या त्या रद्दीत पत्रके असत: पुनर्विवाहाच्या बाजूची, पुनर्विवाहाच्या विरुद्धची, दारूबंदीची, स्वदेशीची, परदेशगमनाच्या दोषाची आणि परदेशगमनाच्या गुणाची. मी अक्षर ओळखू लागलो ते या कागदांवर. कित्येकदा उत्तर आधी हाती लागे आणि मूळ प्रश्न आठवड्याने हळदीच्या पुडीवर सापडे. वडील म्हणत, "हा पोरगा मिरच्या विकण्याऐवजी मिरच्या वाचतो." खरेच होते. त्या तिखटावर मी वाढलो आहे, आणि आता तसली पत्रके मीही लिहितो. त्यामुळे माझ्या लिहिण्यात कधी आवाज चढला तर तो दोष माझा समजा, आणि गुण त्या रद्दीचा.

खंडूभाऊ आमच्या दुकानाचे जुने गाडीवान म्हणावेत, पण गाडी नव्हती, खेचरे होती. नाणेघाट उतरून कोकणात जायचे, तांदूळ-मीठ लादून वर यायचे, हा त्यांच्या घराचा धंदा. चीनकडे पलटणी निघाल्या तेव्हा खेचरांवर माणसे हवीत म्हणून सरकारी माणूस गावोगाव फिरला. खंडूभाऊ गेले. घाट उतरून कल्याण, कल्याणहून मुंबई, मुंबईहून आगबोट. तिकडचे काम संपल्यावर डोंगरांचे वेड असलेल्या एका साहेबाने त्यांना आपल्या सामानाच्या खेचरांवर ठेवून घेतले आणि शेजारच्या कोरिया देशात नेले. तो साहेब देवळे पाही, धबधबे पाही, कडे पाही. खंडूभाऊंना खेचरे पाहायची होती. पण खेचरे चरू लागली की तेही मान वर करून पाहत. असे पाहत पाहत त्यांनी अर्धा देश पाहिला.

परत आले तेव्हा त्यांच्या पडशीत साहेबाने दिलेली सैरबीन होती. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी दांड्यावर दोन भिंगे, आणि त्यांच्यापुढे एक जाड पुठ्ठा, ज्यावर एकाच देखाव्याच्या दोन जुळ्या तसबिरी. डोळे भिंगांना लावले की दोन्ही तसबिरी एक होतात आणि देखावा खोल जातो. जवळचे झाड जवळ उभे राहते, लांबचा डोंगर लांब सरकतो. हात पुढे केला तर फांदी हाताला लागेल असे वाटते.

त्या फाल्गुनात आमच्या दुकानाच्या ओट्यावर रोज दुपारी कोरिया भरे.

"ह्यो बगा शेट त्यांच्या राजधानीचा दरवाजा," खंडूभाऊ वडिलांना म्हणत. "खाली दगूड, वर कौलारू माडी, माडीवर आनखी माडी. कौलांची टोकं कशी वर वळल्याली बगा, बैलाच्या शिंगावानी. आन् त्या दरवाजातनं ही गाडी जाती. बैल न्हाई, घोडं न्हाई, इंजान न्हाई. डोईवरच्या तारंला धरून पळती."

"आन् तार तुटली तर?" हा गेनू. खंडूभाऊंचा चुलतभाऊ. ओट्यावर सगळ्यांत आधी येई आणि सगळ्यांत जास्त हसे.

"तर आपल्यावानी पायी जायाचं. तुला काय वाटलं, तितं लोकास्नी पाय न्हाईत?"

एका तसबिरीत म्हातारे गृहस्थ होते, पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर काळी उंच टोपी. टोपी घोड्याच्या केसांची विणलेली, इतकी विरळ की पलीकडचे दिसे. वडील म्हणाले, "यातून ऊन आरपार जाईल. मग घालायची कशाला?" खंडूभाऊंनी वडिलांच्या डोक्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाले, "शेट, तुमच्या पगडीनं तरी सावली कुटं पडती?" त्या दिवशी वडील हसले तसे मी त्यांना दुकानात क्वचितच हसताना पाहिले आहे.

किती काय काय होते त्या पुठ्ठ्यांवर! ओढ्यावर दांडक्यांनी धुणे बडवणाऱ्या बायका. वेशीवर रोवलेले लाकडाचे दोन खांब, त्यांवर कोरलेली डोळे वटारलेली, दात विचकलेली तोंडे, "गावचे म्हसोबा म्हना की, नवरा-बायकू दोगं बी पहाऱ्याला." आपल्या भातखाचरांसारखीच डोंगराच्या पोटाला बिलगलेली खाचरे. बुटकी तट्टे, ज्यांना तिथले लोक घुगऱ्यांची ऊनऊन पेज पाजतात. हे सांगताना खंडूभाऊंचा आवाज हळवा होई, कारण आपल्याकडे खेचराला असे कोणी जपत नाही. घराच्या भुईखालून चुलीचा धूर फिरवण्याची युक्ती: "निजलं की पाठ भाजती आन् नाक गोठतं." आणि परसात ओळीने मांडलेले मोठाले रांजण, त्यांत मिरची-मीठ लावून मुरवलेली भाजी.

"तिखट?" मी विचारले.

"लई तिखट. पयला घास घेतला आन् डोळ्यांतनं पानी. तिखटानं न्हाई वो. घर आठिवलं."

मग डोंगर. त्या डोंगराचे नाव त्यांच्या भाषेत वज्राचा डोंगर, असे साहेबाने सांगितले होते. हजारो सुळके, मधून कोसळणारे पाणी, दरीत कौलारू मठ. "सुळकी म्या मोजली न्हाईत," खंडूभाऊ म्हणत, "म्या खेचरं मोजत व्हतो." तिथेच एका कड्यावर खडकात कोरलेली बैठी मूर्ती होती, घराहून उंच, मिटल्यासारखे डोळे, मांडीवर हात. माझी आई आतल्या दारातून पाहत असे. तिने ती तसबीर मागून घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हे तर आपल्या भगवंतांसारखे बसलेत." खंडूभाऊ म्हणाले, "वैनी, म्या बी तितं हेच म्हनलं. म्हनलं, लेण्याद्रीच्या डोंगरात ज्याचं घर हाय, त्यो हितं राहाया आलाय."

मला विचाराल तर त्या एका वाक्यापुढे माझी सगळी पत्रके फिकी पडली. आमच्या जुन्नरभोवती चारी दिशांना त्या ध्यानस्थ महात्म्याच्या भिक्षूंची जुनी लेणी आहेत. त्यांत आपण काय करतो? शेळ्या बांधतो, वटवाघळे पोसतो आणि पावसाळ्यात सरपण ठेवतो. आणि तिकडे, समुद्रांपलीकडे, त्याच महात्म्यासाठी लोक धबधब्याच्या बाजूने घसरड्या वाटेने वर चढतात, मूर्तीपुढे उभे राहतात आणि आल्या वाटेने शांतपणे उतरतात. पाहण्यासाठी चढणे, केवळ पाहण्यासाठी! यात काही मोठेपणा आहे हे आपल्याला कोणी शिकवलेच नाही.

पेठ मात्र दुसरेच शिकवत होती. शिमग्याच्या बोंबांत गेनूने खंडूभाऊंच्या दारासमोर "चिनी पावणं आलं, काय काय खाऊन आलं" असे ओरडून घेतले. शिमगा म्हणून सगळे हसले. शिमगा संपला तरी ते हसणे संपेना. आणि मग घाटघरहून निरोप आला.

खंडूभाऊंची मुलगी ठकू हिची सोयरीक घाटघरच्या येसूबाबांच्या नातवाशी झाली होती. कुंकू लागले होते, चैत्रअखेर लग्न धरले होते. येसूबाबा म्हणजे त्या भागातल्या भावकीचा शेवटचा शब्द. त्यांचा निरोप गेनूने मोठ्या हौसेने मारुतीच्या पारावर सांगितला. खंडूने मिशी उतरावी, कुकडी नदीत बुडी मारावी, आणि पाच माणसांसमोर म्हणावे की मी बाटक्या मुलखात गेलो आणि तिथे जे पाहिले ते पाप पाहिले. एवढे केले की लग्न. न केले तर नाही.

खंडूभाऊंनी पाराचा चिरा अंगठ्याने घासला. मग म्हणाले, "बुडी मारतो, तशी बी रोज मारतो. मिशी उतरतो, ती परत येती. पन पाहिलं ते पाप, ह्ये माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं."

"आरं, म्हनायचं नुस्तं!" गेनू म्हणाला. "म्हनायला काय जातंय?"

"डोळं जात्यात," खंडूभाऊ म्हणाले.

सगुणावहिनी, खंडूभाऊंची बायको, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती घागर खाली न ठेवताच गेनूला म्हणाली, "भावजी, कोकनात उतरता तवा कुनाकुनाच्या चुलीवरचं खाता, ते घाटावर येऊन कदी सांगितलं का? चिंध्यादेवाला धोंडा ठिवला की झालं सोवळं! मंग ह्यांचंच तोंड का हुंगताय?"

चिंध्यादेव म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचे वाकडे जांभळीचे झाड आणि त्याच्या बुडाशी रचलेली दगडांची रास. खेचरवाले, बैलवाले घाट उतरताना अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून झाडाला बांधतात: देवा, सांभाळ. परत चढून आले की राशीवर एक धोंडा ठेवतात: देवा, आलो. आणि त्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला दंडक असा की, चिंधी आणि धोंडा यांच्यामध्ये माणसाने कोठे काय खाल्ले, कोणाच्या ओसरीवर निजला, हे त्याला कोणी विचारायचे नाही. घाटापलीकडचा हिशेब देवाकडे.

पारावर सगुणावहिनीचे बोलणे बायकी बोलणे म्हणून वाऱ्यावर गेले. मग मी उभा राहिलो. बोललो, आणि चांगले बोललो. आजही मला त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. मी म्हणालो, डोळे देवाने दिले आहेत आणि समुद्रही देवानेच केला आहे; एकाने दुसरा पाहिला तर भावकीची परवानगी कशाला? मी म्हणालो, न पाहता निवाडा देणारा न्यायाधीश आणि न तोलता माल देणारा वाणी यांत मला फरक दिसत नाही, आणि मी वाण्याचा मुलगा आहे, मला हे कळते. माणसे हसली, पण उठली नाहीत. तेव्हा मी एकच गोष्ट मागितली: येसूबाबांनी आधी पाहावे, मग बोलावे. सैरबीन घेऊन आपण घाटघरला जाऊ.

निघताना ठकू दारात उभी होती. ओल्या हळदीचे दिवस जवळ आलेल्या मुलीचे तोंड कसे असावे, आणि तिचे कसे होते! ती बापाला एवढेच म्हणाली, "आबा, माझ्यापायी खोटं बोलू नगा." आणि मग, आवाज खाली करून, "पन लवकर या."

घाटघरची वाट चैत्रात चालावी. उन्हाने खडक तापलेले, ओढे आटलेले, आणि तरीही प्रत्येक घळीत एखादा तरी कोशिंब पेटलेला. खंडूभाऊ पुढे, सैरबीन फडक्यात बांधून छातीशी धरलेली, जणू तान्हे मूल आहे. सगुणावहिनी मागे. गेनूही आला होता. तमाशा चुकवणारा माणूस नव्हे तो. तो वाटेत मला म्हणाला, "शेट, आज तुमचा खंडूभाऊ मिशी ठिवून आला तर म्या माझी उतरीन." मी म्हणालो, "न्हाव्याला सांगून ठेवा."

गावच्या देवळापुढे, भर दुपारी, चाफ्याच्या सावलीत बैठक बसली. येसूबाबा म्हातारे, वाळल्या वेलीसारखे, पण लांबचे दिसायचे त्यांना गरुडासारखे. सारा जन्म त्यांनी घाटात घालवलेला. त्यांनी सैरबीनकडे पाहिलेही नाही.

"बाटक्या मुलखाची चितरं म्या का बगू?"

मी म्हणालो, "बाबा, खेचर घ्यायच्या आधी दात बघता की नाही?"

"बगतो की. न बगून कसं चालंल?"

"मग सोयरीक मोडायच्या आधी एवढे बघा. खेचरापेक्षा मुलगी स्वस्त आहे काय?"

बैठकीत कोणीतरी फसकन हसले. येसूबाबांच्या मिशीखालीही काही हलले. त्यांनी हात पुढे केला.

खंडूभाऊंनी पुठ्ठा घातला: राजधानीचा दरवाजा. "हं," म्हातारे म्हणाले. दुसरा: पांढऱ्या कपड्यांची माणसे. "हं." धबधबा आला तेव्हा ते थोडे पुढे झुकले. खंडूभाऊंनी आणखी एक पुठ्ठा घातला आणि या वेळी "हं" आला नाही.

सैरबीन डोळ्यांशी तशीच धरून येसूबाबा उठून उभे राहिले. त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायातली वहाण काढली, मग दुसऱ्याने पहिल्यातली. अनवाणी पायाने जमीन चाचपली. पायाला एक दगड लागला. डोळे न हलवता ते वाकले, दगड उचलला, आणि तो हात पुढे करून हवेत ठेवायला जागा शोधू लागले.

"आलो रं देवा," ते पुटपुटले.

दगड ठेवायला जागा मिळेना तेव्हा म्हाताऱ्यांनी सैरबीन खाली घेतली. हातातल्या दगडाकडे पाहिले. मग समोर, जिथे रास असायला हवी होती तिथे बसलेल्या गेनूकडे पाहिले.

"खंडू," ते हळूच म्हणाले, "ह्यो आपला चिंध्यादेव न्हाई?"

"न्हाई बाबा. त्यो तिकडचा. कोरियाच्या घाटातला."

मी ती तसबीर शंभरदा पाहिली होती, पण घाटातल्या माणसाच्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. खिंडीत एक वाकडे झाड. फांद्यांना चिंध्याच चिंध्या, नव्या, जुन्या, उडालेल्या. बुडाशी दगडांची रास. आणि राशीपाशी एक वाटसरू, पाठीवर ओझे, हातात धोंडा.

"तिकडं बी हाय?" येसूबाबांनी विचारले.

"घाट हाय तितं हाय. तिकडचं बी भारवाही असंच करत्यात. म्या त्यास्नी इचारलं न्हाई, त्यांनी मला सांगितलं न्हाई. बगितलं आन् कळलं."

"मंग तू काय केलंस?"

"पटक्याची चिंधी फाडून बांधली. माघारी येताना धोंडा ठिवला."

"आन् आपल्या हितं?"

"जाताना ह्याच घाटानं उतारलो, चिंधी बांधून. आलो ते ह्याच घाटानं, धोंडा ठिवून. घरी नंतर गेलो, बाबा. आदी देव, मंग पोरगी."

येसूबाबा खाली बसले. दगड अजून हातातच होता. तो त्यांनी दोन्ही तळव्यांत फिरवला आणि बैठकीकडे वळून म्हणाले, "चिंधी बांधून गेला. धोंडा ठिवून आला. मधी काय खाल्लं, काय प्यालं, ते इचारायचं न्हाई. ह्यो कायदा माझ्या बापाला व्हता, मला व्हता. मंग खंडूला का न्हाई?"

"बाबा, पन ते कोकन व्हतं!" गेनू घाईने म्हणाला. "समिंदराच्या अलीकडचं! आन् ह्येनं पाहिलं ते पाप..."

"देवानं कुटवर त्ये सांगितलंय व्हय तुला? तू कोकनात जाताना एकच चिंधी बांधतोस, ह्येनं दोन बांधल्यात!" म्हाताऱ्यांचा आवाज एकदम घाटात घुमावा तसा घुमला. "आन् पाहिलं ते पाप म्हनशील, तर म्या बी आत्ताच पाहिलं. नुस्तं पाहिलं न्हाई, वहाना काढून पाहिलं. माझी मिशी कोन उतरतो, म्होरं या!"

कोण पुढे येणार! सगळे देऊळ हसू लागले, आणि त्या हसण्यात सगुणावहिनीचे रडणे मिसळून गेले. खंडूभाऊ मात्र हसले नाहीत, रडले नाहीत. त्यांनी पुठ्ठा काढला, फडक्याने पुसला आणि जपून ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. राज्य जिंकून आलेले चेहरे मी चित्रांत पाहिले आहेत. ते सगळे त्या चेहऱ्यापुढे कारकुनी वाटतात.

मग सैरबीनवर गाव तुटून पडले. पुरुषांची पाळी संपेना तेव्हा सगुणावहिनीने ती सरळ हिसकावली आणि बायकांत नेली. एक जण डोळे लावून पाहू लागली आणि किंचाळलीच, "अगं बया! ह्या बी धुनंच धुत्यात! इतक्या लांब गेलं तरी धुनं काय सुटत न्हाई!" गेनूला कोणीतरी न्हाव्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "आरं, म्या नुस्तं म्हनालो व्हतो." खंडूभाऊ पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "म्हनायला काय जातंय, गेनू?"

लग्न ठरल्या दिवशी झाले. जुन्नरहून घाटघरला वऱ्हाड निघाले तेव्हा कोशिंबाची पाने लालाची तांबूस झाली होती, कोठे कोठे हिरवी वळू लागली होती. घाटमाथ्यावर, चिंध्यादेवापाशी, ठकूने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. तिचा प्रवासही काही लहान नव्हता. बाप मुलूख पाहून आला होता. ती मुलूख बदलायला निघाली होती. येसूबाबांनी तो देवळापुढचा दगड जपून ठेवला होता. तो त्यांनी त्या दिवशी राशीवर ठेवला.

या गोष्टीचा मी पत्रके लिहिताना पुष्कळ विचार करतो. रूढी मोडा, रूढी मोडा, असे मी ओरडत आलो आहे आणि पुढेही ओरडणार आहे, कारण मोडण्याजोग्या पुष्कळ आहेत. पण त्या दुपारी एका जुन्या रूढीने दुसऱ्या जुन्या रूढीला सर्वांदेखत लोळवले आणि मी टाळ्या वाजवल्या. माणसाला घरात कोंडणारी रूढी वेगळी, आणि चिंधी बांधून त्याला घाटाखाली सोडणारी, परत आल्यावर काही न विचारता घरात घेणारी रूढी वेगळी. ही दुसरी ज्यांनी घातली ते आमचेच पूर्वज होते. त्यांना जग हवे होते. आम्ही त्यांचे वंशज म्हणवतो आणि ओढा ओलांडायला पंचांग उघडतो!

आता वर्तमानपत्रांत कोरियाचे नाव येते ते दुःखाने. शेजारच्या बलाढ्य राज्याने त्या देशाच्या मानेवर हात ठेवला आहे, असे वाचतो. मानेवरचा हात म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. मी ती बातमी खंडूभाऊंना वाचून दाखवली. त्यांनी खेचराच्या आयाळीतली गाठ सोडवली. मग म्हणाले, "राजं जात्यात, येत्यात, शेट. त्या घाटावरलं झाड हाय का, तेवढं लिवलंय का त्यात?" तसे काही लिहिलेले नव्हते. "आसंल," ते म्हणाले. "भारवाही हाय तवर झाड हाय. माजी चिंधी हाय तितं."

परवा मी घाटघरलाही गेलो होतो. ठकूच्या कडेवर मूल आहे. बापाने तिला दिलेल्या सैरबीनचे एक भिंग तडकले आहे, त्यामुळे डाव्या बाजूचे डोंगर आता दुभंगून दिसतात. त्याने काही बिघडत नाही. गावची पोरे अंगणात रांग लावतात आणि ठकू त्यांना सांगते, "ह्यो दरवाजा. ही तारंची गाडी. ह्यो आपला चिंध्यादेव." आपला, असे म्हणते ती. कोणी तिला दुरुस्त करीत नाही. येसूबाबा आता नाहीत. पण त्यांच्या अंगणात समुद्रापलीकडचा एक घाट आपला झाला आहे, आणि तो आपल्याकडून आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

कोशिंब अजून लाल आहे. आठ-पंधरा दिवसांत हिरवा होईल, आणि मग तो इतर झाडांत ओळखू यायचा नाही. म्हणून, वाचकहो, तो हिरवा होण्याआधी एक करा. नाणेघाटाच्या माथ्यावर या. वाकड्या जांभळीखालच्या राशीवर एक धोंडा ठेवा, आपल्या परत आलेल्या माणसांसाठी. आणि दुसरा ठेवा त्या दूरच्या खिंडीसाठी, जिचे झाड उभे आहे की नाही हे आपल्याला कोणी कळवत नाही. मग आपल्या गावी जा. तुमच्याही वेशीत कोणी तरी परतून आलेला असेल, ओसरीच्या कडेला गप्प बसलेला. त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा, "भाऊ, काय काय पाहिलंस?" आणि तो सांगू लागला की मधे बोलू नका.